घरी गाडी चार्ज करण्यासाठी वायरिंग आणि अडॅप्टर : प्रकल्प नोंदी

काम सुरू करताना हाती काय होतं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचे आकडे आपापल्या जागेशी ताडून पाहता येतील. सिंगल फेज, २३० व्होल्ट. मेन स्विच म्हणजे ५० अँपिअरचा एमसीबी, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा (बंद होणारा). डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइनींचे स्विच असलेल्या पेटीपासून) गाडी उभी राहते तिथपर्यंत वायरचा मार्ग २२ मीटर. गाडीला टाइप २ सॉकेट (चार्जिंगच्या सॉकेटचा एक ठरावीक आकार), गाडीतला चार्जर ७.२ किलोवॅटचा, बॅटरी ४० किलोवॅट-तासांची. गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर जास्तीत जास्त १५ अँपिअर घेतो. पार्किंगमध्ये १६ अँपिअरचं एक जुनं सॉकेट होतं. एखादा चांगला अडॅप्टर आणून त्यावरच भागवायचं, असा पहिला बेत होता.

डीबीतलं सगळं काम परवानाधारक वायरमनने मेन बंद करून केलं आहे. मोजमाप, आखणी, पाइप आणि वायर ओढणं आपण करता येतं. डीबीत हात घालू नये.

४ ऑक्टोबर

जुन्या सॉकेटची परीक्षा. पोर्टेबल चार्जर लावून करंट १५ वर ठेवला. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती धरून करंट मोजणाऱ्या) १४.७ अँपिअर. वीस मिनिटांतच प्लगवर हात टेकवून ठेवणं जमेना. चाळीस मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरवर सॉकेटच्या तोंडाशी ६८ अंश, भोवतालची हवा ३१ अंश. चार्जिंग तिथेच थांबवलं.

सॉकेट उघडलं. फेजच्या पिनेला धरणारी पितळी पट्टी काळपट पडली होती आणि तिचा ताण गेला होता. प्लग बाहेर काढताना फेजची पिन जवळजवळ आपोआप सुटत होती. मागचा स्क्रू अर्धा आटा सैल. त्यात अडकवलेल्या वायरचं आवरण टोकापासून दोन सेंटिमीटरपर्यंत कडक होऊन तडकलेलं. नखाने दाबल्यावर त्याचा तुकडाच पडला.

सैल जोडाचा रोध ०.१ ओहम धरला तर १५ अँपिअरला तिथे २२.५ वॅट उष्णता तयार होते. एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, प्लास्टिकच्या डबीत, तासन् तास. गीझर याच सॉकेटवर वीस मिनिटं चालला तर काही जाणवत नाही. गाडी आठ-दहा तास सलग ओढते. आणि मागचा १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. एमसीबीला जास्तीचा करंट कळतो, सैल स्क्रू कळत नाही.

५ ऑक्टोबर

या सॉकेटची वायर मागे शोधत गेलो. अडीच स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) निघाली. वाटेत तिच्यावर पाण्याचा पंप आणि दोन दिवे लूप केलेले. मधल्या जंक्शन बॉक्समध्ये वायरींना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली.

या लाइनवर गाडीचा कायमचा भार टाकायचा नाही, हे इथेच ठरलं. नवी लाइन होईपर्यंतची तात्पुरती सोय अशी केली : सॉकेट नवं, पिळाच्या जोडाऐवजी स्क्रू कनेक्टर, पंप चार्जिंगच्या वेळी बंद, आणि पोर्टेबल चार्जरचा करंट १० वर. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५ वरून १० वर आलं की ती निम्म्याहूनही कमी होते. तासाभराने सॉकेट ४१ अंश. एवढं चालेल.

यात वेळ मात्र भरपूर जातो. १० अँपिअरला २.३ किलोवॅट. २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला बॅटरीत २४ किलोवॅट-तास भरावे लागतात, आणि वाटेतली तूट धरून बारा तासांच्या आसपास लागतात. करंट कमी ठेवला की तुटीचा वाटाही वाढतो, कारण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स जागी असते आणि तिची खपत कमी करंटलाही तेवढीच असते.

११ ऑक्टोबर

आणलेले तीन अडॅप्टर एकेक करून तपासले.

पहिला, सगळ्या प्रकारच्या पिना घेणारा प्रवासी अडॅप्टर. अंगावर १० अँपिअर छापलेलं. आत पातळ पितळी पत्रा, आणि अर्थची पट्टी पिनेला जेमतेम एका कडेने टेकणारी. मोबाइल आणि लॅपटॉपसाठी बनलेली वस्तू आहे. गाडीसाठी १० अँपिअरलाही वापरू नये, कारण तिचे १० अँपिअर थोड्या वेळाचे आहेत. बाद.

दुसरा, एका बाजूला घरगुती १६ अँपिअरचा प्लग आणि दुसऱ्या बाजूला ३२ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट. हा सगळ्यांत धोक्याचा. निळ्या इंडस्ट्रियल प्लगमध्ये १६ आणि ३२ अँपिअरचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, चुकूनही एक दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. हा अडॅप्टर नेमकी तीच आडकाठी काढून टाकतो. ३२ अँपिअरचा चार्जर यात खोचला की त्याला आपण ३२ च्याच सॉकेटवर आहोत असं वाटतं आणि तो ३२ मागतो. आतली वायर उघडून पाहिली तर दीड स्क्वेअर. फ्यूज नाही, थर्मल कटआउट नाही. बाद.

उलट दिशेचा अडॅप्टरही बाजारात मिळतो : ३२ अँपिअरचा निळा प्लग, पुढे घरगुती १६ चं सॉकेट. तोही घेऊ नये. मागे निदान ३२ अँपिअरचा एमसीबी असतो, आणि पुढचं १६ चं सॉकेट वितळेपर्यंत तो स्वस्थ बसतो.

तिसरा टाइप १ ते टाइप २. हा गाडीकडच्या बाजूचा आहे. त्यातून संदेशाची तार सरळ पुढे जाते, त्यामुळे करंटची मर्यादा चार्जरच ठरवतो. जातीने सुरक्षित, पण या गाडीला टाइप २ च असल्याने त्याची गरजच नव्हती. निष्कारण आणला.

१२ ऑक्टोबर

कालच्या तपासणीतून एक गोष्ट नीट लिहून ठेवायला हवी, कारण पुढची सगळी निवड तिच्यावर उभी आहे. गाडीला किती करंट घ्यायचा हे चार्जर सांगतो. सीपी नावाच्या पिनेवर तो १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल पाठवतो. सिग्नल किती टक्के वेळ चालू आहे त्याला ०.६ ने गुणलं की अँपिअर मिळतात (१० ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यात). १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, साधारण २७ टक्के म्हणजे १६, ५३ टक्के म्हणजे ३२. चार्जरच्या मागे भिंतीत काय आहे, हे या संभाषणात कुठेच येत नाही. अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो. मागची वायर होती तेवढीच राहते आणि चार्जरला ते कळत नाही.

याला अपवाद म्हणजे बदलत्या शेपटीचे (भिंतीकडचा प्लगचा तुकडा बदलता येणारे) पोर्टेबल चार्जर. त्यांच्या १६ आणि ३२ च्या शेपटीत वेगवेगळी खूण असते, ती ओळखून चार्जर स्वतःच करंट उतरवतो. पोर्टेबलच घ्यायचा असेल तर असा घ्यावा. नाहीतर निदान करंट हाताने ठरवता येईल आणि वीज जाऊन आल्यावरही ती सेटिंग टिकेल असा. ही शेवटची अट दुकानातच तपासावी : १० वर ठेवून प्लग काढा, पुन्हा लावा, आकडा बघा. आमचा पोर्टेबल या परीक्षेत उतरला. काही चार्जर परत सर्वांत वरच्या आकड्यावर जातात.

दुपारी दुसरी चूक उघड झाली. टाइप २ ची सुटी केबल आणली होती, वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या चार्जरला) जोडायची, वेष्टनावर ३२ अँपिअर. प्लगमधल्या पीपी आणि अर्थच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६७८ ओहम. पीपीचा रोध केबलची क्षमता सांगतो : १५०० ओहम म्हणजे १३ अँपिअर, ६८० म्हणजे २०, २२० म्हणजे ३२, १०० म्हणजे ६३. म्हणजे केबल २० ची. ही लावली असती तर वॉलबॉक्स २० च्या वर गेलाच नसता आणि दोष गाडीत शोधत बसलो असतो. परत केली. सुटी केबल घेणाऱ्याने हे अर्ध्या मिनिटाचं मोजमाप दुकानातच करावं.

त्यानंतर निर्णय बदलला : ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स, केबल त्यालाच जोडलेली, ७ मीटर. ५ मीटरची दोरी लावून मोजून पाहिली होती. गाडी तोंडाने आत घातली तर पुरते, मागे घेत लावली तर बोनेटवरून ताणली जाते.

१८ ऑक्टोबर

वायरची जाडी. सगळ्यांत जास्त वाया गेलं ते इथे.

३२ अँपिअरला ६ स्क्वेअर तांबं पुरतं, असं सरसकट सांगितलं जातं. त्याच भरवशावर ६ स्क्वेअरच्या २४ मीटरच्या तीन लांब्या कापून आणल्या. हिशेब नंतर केला. क्रम उलटा हवा होता.

भिंतीवरच्या पाइपमध्ये पीव्हीसी आवरणाची ६ स्क्वेअर तांब्याची वायर ३० अंश हवेत ४१ अँपिअर वाहते. आपला पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून जातो, दुपारी तिथे ४० अंश धरायलाच हवेत. त्यासाठी ०.८७ ने गुणायचं : ३५.७. शिवाय वायर पंपाच्या वायरीबरोबर त्याच जुन्या पाइपातून नेण्याचा बेत होता. एका पाइपात दोन सर्किट आले की आणखी ०.८ ने गुणायचं : २८.५. म्हणजे ३२ अँपिअरच्या सलग भारासाठी ही वायर या मार्गावर अपुरी.

पाइप वेगळा केला तर ६ स्क्वेअरला ३५.७ मिळतात आणि ३२ चा एमसीबी लावून कागदावर बसतं. पण एमसीबी ३० अंशांवर जुळवलेले असतात. बंद डीबीत, शेजारच्या एमसीबींना चिकटून, तासन् तास ३२ अँपिअर वाहिल्यावर ३२ चा एमसीबी उगाचच पडायला लागतो. तो पडू नये म्हणून ४० चा हवा. आणि ४० चा एमसीबी लावायचा तर वायर ४० पेक्षा जास्त वाहणारी हवी. १० स्क्वेअरला मूळ ५७, ४० अंशांना ४९.६. स्वतंत्र पाइपात हे बसतं. पंपाबरोबर नेली असती तर ३९.७, म्हणजे तीही थोडक्यात हुकली असती.

व्होल्टेजची घटही मोजली. ६ स्क्वेअरला दर अँपिअर दर मीटर ७.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ३२ अँपिअर आणि २२ मीटरला ५.१ व्होल्ट. १० स्क्वेअरला ४.४ मिलिव्होल्ट, एकूण ३.१ व्होल्ट. दोन्ही चालण्यासारखे, पण हा फरक रोज रात्री वायरीत उष्णता होऊन जातो.

निर्णय : १० स्क्वेअर तांबं. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही १० चेच. १६ स्क्वेअरपर्यंत अर्थची वायर फेजइतकीच ठेवावी. कापलेली ६ स्क्वेअर दुकानाने परत घेतली नाही. ७२ मीटर वायर पडून आहे.

१९ ऑक्टोबर

पाइप. २० मिमीच्या पाइपात १० स्क्वेअरच्या तीन वायरी सरळ भागात जातात, वळणावर अडतात. २५ मिमी घेतला. त्यातही चूक झाली : कोपऱ्यांवर काटकोनी एल्बो बसवले. दुसऱ्या एल्बोपाशी वायर अशी अडकली की ओढताना आवरणावर ओरखडे आले. सगळं बाहेर काढलं, एल्बो कापून तिथे लांब बेंड लावले, आणि दोन बेंडांनंतर एक तपासणीचा बॉक्स ठेवला. ओरखड्यांचा दीड मीटर तुकडा कापून टाकला. लांबी २४ मीटर घेतली होती म्हणून निभावलं. अख्खा दिवस गेला.

वॉलबॉक्सची वायर खालून आत घेतली, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून). पाइप संपतो तिथे वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, पेटीत शिरत नाही. वरून वायर घेतलेली पेटी कितीही चांगल्या रबराची असली तरी कधी ना कधी गळते.

२५ ऑक्टोबर

अर्थिंग. पोर्टेबल चार्जर तात्पुरत्या सॉकेटवर अधूनमधून लाल दिवा दाखवून थांबत होता. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं तर ३१ व्होल्ट. दोन-तीनच्या आत हवेत. मागे शोधल्यावर जुन्या जंक्शन बॉक्समध्ये अर्थची तार तुटून नुसती टेकलेली सापडली.

या लाल दिव्यावर ‘अर्थ बायपास’ नावाचा छोटा प्लग विकला जातो. तो न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडतो आणि चार्जरला फसवतो. तो कधीही लावू नका. न्यूट्रल कुठे तुटला की गाडीचा पत्रा थेट फेजवर येतो, आणि दाराला हात लावणारा माणूस जमिनीवर उभा असतो. लाल दिवा लागतोय म्हणजे चार्जर आपलं काम करतोय.

वायरमनने आधी जुन्या सवयीने फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहिला. बल्ब लख्ख पेटला. त्यातून फार काही सिद्ध होत नाही. तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, गंजलेल्या जोडातूनही तेवढा करंट जातो. अर्थ टेस्टरने खुंट्या ठोकून मोजलं तर ११ ओहम. जुन्या रॉडपासून ३ मीटरवर ३ मीटरचा दुसरा रॉड ठोकला, दोन्ही तांब्याच्या पट्टीने जोडले : ६ ओहम. दोन रॉडांमधलं अंतर निदान रॉडच्या लांबीइतकं हवं. जवळजवळ ठोकले तर दुसऱ्याचा फायदा मिळत नाही, कारण दोघे मातीचा तोच भाग वापरतात.

२६ ऑक्टोबर

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. मागवताना ‘४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, टू पोल’ एवढंच सांगितलं, टाइप सांगायचा राहिला. आला तो एसी टाइप. गाडीतला चार्जर एसीचं डीसी करतो, त्यामुळे बिघाडात डीसी गळती होऊ शकते. त्या डीसीने एसी टाइपचा आतला गाभा बधिर होतो, आणि खऱ्या गळतीच्या वेळी तो पडत नाही. गाडीसाठी तो निरुपयोगी आहे.

ओळखायची खूण पुढच्या छापात असते. नुसती एक लाट म्हणजे एसी टाइप. लाटेखाली अर्ध्या टेकड्यांसारखी रेघ असली तर ए टाइप. त्याच्याही पुढे सरळ आणि तुटक रेघ असली तर बी टाइप. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय असेल तर मागे ए टाइप पुरतो. ती सोय नसेल तर बी टाइपच हवा. आपल्या वॉलबॉक्समध्ये ती आहे, माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. ए टाइप येईपर्यंत पुढचं काम सहा दिवस थांबलं.

१ नोव्हेंबर

डीबीत ४० चा सी कर्व्ह टू पोल एमसीबी, त्यापुढे ए टाइप आरसीसीबी. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारा) मेनजवळ. वॉलबॉक्स भिंतीवर, जमिनीपासून १.२ मीटर.

फ्लेक्सिबल वायरीची टोकं हे आजचं मुख्य काम. १० स्क्वेअर फ्लेक्सिबलमध्ये बारीक तारा पुष्कळ. फेजचं टोक एमसीबीच्या भोकात सहज जाईना म्हणून वायरमनच्या मदतनिसाने बाहेरच्या दहा-बारा तारा कापून टाकल्या. वेळीच दिसलं. टोकाशी वायर तेवढी बारीक झाली, आणि २२ मीटरच्या १० स्क्वेअरचा उपयोग त्या एका सेंटिमीटरवर घालवल्यासारखं होतं. टोक कापून नवं सोललं, फेरूल (टोकाच्या तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) चढवलं, योग्य मापाच्या क्रिंपरने दाबलं, मग ते भोकात नीट गेलं. पक्कडीने चेपटवलेलं फेरूल चालत नाही. ते एका बाजूनेच धरतं.

स्क्रू किती आवळायचा ते एमसीबीच्या अंगावर न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं. टॉर्क स्क्रूड्रायव्हरने तेवढाच आवळला. आवरणाचा भाग पट्टीखाली दबत नाही ना, हे प्रत्येक टोकाला टॉर्चने पाहिलं. न्यूट्रलच्या एका टोकाला दबला होता. वरून पाहता जोड अगदी घट्ट वाटत होता.

२ नोव्हेंबर

लोड. घराचा सर्वांत जास्त भार मेनवर मोजला होता : २४ अँपिअर. त्यात गाडीचे ३२ मिळवले की ५६, आणि मेन ५० चा. म्हणून वॉलबॉक्सबरोबर सीटी घेतला. मेनच्या वायरीभोवती बसणारी ही कडी घराचा करंट मोजते आणि त्याप्रमाणे वॉलबॉक्स गाडीचा करंट कमी-जास्त करतो. मर्यादा ४५ वर ठेवली.

सीटी बसवला आणि वॉलबॉक्सवर घराचा भार ० दिसू लागला. गीझर, इस्त्री, एसी सगळं लावून गाडी जोडली, तरी तो ३२ च देत राहिला. मेनवर क्लॅम्प मीटर ५४. कारण लगेच सापडलं. कडी फेज आणि न्यूट्रल दोन्हींभोवती मिळून बसवली होती. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो, बेरीज शून्य येते. कडी फक्त फेजभोवती घेतली आणि आकडा जुळला.

५४ अँपिअरला ५० चा मेन पडला नाही, याकडे लक्ष द्यावं. १.१३ पटीपर्यंत एमसीबी तासभर तरी पडायचा नाही, हे मानकातच आहे. मेन पडत नाही म्हणजे भार बरोबर आहे, असं धरून चालू नये.

आणखी एक परीक्षा घेतली : सीटीची तार मुद्दाम काढली. वॉलबॉक्स ६ अँपिअरवर उतरला, म्हणजे बरोबर. तार तुटल्यावर पूर्ण करंट देणारा वॉलबॉक्स असता तर परत केला असता.

८ नोव्हेंबर

वीज सोडण्याआधीच्या चाचण्या. ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन पाहिलं. त्याआधी वॉलबॉक्स आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही सुटे केले, नाहीतर मेगर त्यांचं नुकसान करतो आणि आकडाही खोटा येतो. १ मेगओहम हा तळ आहे, इथे २०० च्या वर आलं. अर्थची सलगता डीबीपासून वॉलबॉक्सच्या टर्मिनलपर्यंत मोजली. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहिलं, मग टेस्टरने ३० मिलिअँपिअर सोडून वेळ घेतली : ३०० मिलिसेकंदांच्या आत हवी, २८ आली.

पहिलं चार्जिंग एकदम ३२ वर करू नये. ६, १६, २४, ३२ असे टप्पे ठेवले, प्रत्येकी अर्धा तास, आणि दर टप्प्याला एमसीबीचे टर्मिनल, आरसीसीबी, वॉलबॉक्सचे टर्मिनल आणि गाडीचा प्लग यांचं तापमान. ३२ ला एमसीबीचं एक टर्मिनल ६१ अंश, बाकी सगळी ४५ च्या आसपास. बंद करून पाहिलं तर त्याच फेरूलचं क्रिंपिंग तिरकं बसलेलं. नवं फेरूल, पुन्हा चाचणी, ४६ अंश. एकटं वेगळं तापणारं टर्मिनल हे मर्यादेच्या आत असलं तरी दोषच समजावा. सारख्या करंटला सारखे जोड सारखेच तापायला हवेत.

व्होल्टेज वॉलबॉक्सपाशी रिकामं असताना २३२, ३२ अँपिअरला २२६. यातले तीन व्होल्ट आपल्या वायरीचे, बाकीचे मेनच्या मागचे.

केबलचं वेटोळं हुकावर ठेवून चार्जिंग केलं तर वेटोळ्याच्या आतल्या भागात दहा अंश जास्त मिळाले. वापरताना केबल पूर्ण सोडून जमिनीवर मोकळी पसरायची.

१२ नोव्हेंबर

रात्री घरातली सगळी वीज गेली. गाडीचा आरसीसीबी जागेवर, घराचा सामाईक आरसीसीबी पडलेला. लाइन जोडताना वायरमनने ती घराच्या सामाईक आरसीसीबीच्या पुढून घेतली होती. म्हणजे दोन आरसीसीबी एकामागे एक, दोन्ही ३० चे, आणि कोण आधी पडेल याचा नेम नाही.

गळती मोजणाऱ्या क्लॅम्पने पाहिलं : घरातली उपकरणं मिळून ९ मिलिअँपिअर, गाडी जोडल्यावर १३ ते १७ च्या दरम्यान. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. बिघाड काहीच नव्हता, बेरीज होती. गाडीची लाइन सामाईक आरसीसीबीच्या आधीच्या टर्मिनलवरून घेतली, न्यूट्रलही तिथूनच. न्यूट्रल जुन्या बसबारवरच (सामाईक आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रलच्या पट्टीवर) ठेवला असता तर सामाईक आरसीसीबी गाडी लावताक्षणी पडला असता. हे जोडणीच्या दिवशीच बघायचं राहिलं.

३० नोव्हेंबर

अठरा दिवसांत एकदाही ट्रिप नाही. मेन बंद करून सगळे स्क्रू टॉर्कने पुन्हा तपासले. तापून थंड होण्याच्या फेऱ्यांत फ्लेक्सिबल वायरीचे जोड बसतात. सहापैकी एक स्क्रू पाव आटा फिरला, बाकी घट्ट. ३२ अँपिअरला तासाभरानंतर सर्वांत गरम जागा ४७ अंश.

२० ते ८० टक्के : पावणेचार तास, मीटरवर २७ किलोवॅट-तास.

पार्किंगमधलं जुनं सॉकेट ठेवलं आहे. त्यावर चिकटपट्टीने ‘गाडीसाठी कमाल १०’ लिहिलं आहे, आणि त्याच्या पिळाच्या जोडांपैकी उरलेला एक, पंपाकडचा, अजून बदलायचा आहे.